रसायन सुरक्षित आहे का? प्रयोगशाळेतल्या पुराव्यांचे वजन कसे करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे रसायन सुरक्षित मानायचे की नाही, हे एका टेस्टवरून ठरत नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी, कमी-अधिक काळजीने केलेले दहा-वीस अभ्यास समोर असतात आणि त्यांची तोंडे क्वचितच एका दिशेला असतात. ते एकत्र वाचून निर्णयापर्यंत येण्याला पुराव्यांचे वजन करणे म्हणतात. त्याबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे मत माझे आहे, तिथे ते माझे म्हणूनच सांगितले आहे.

‘टेस्टमध्ये काहीच आढळले नाही’ म्हणजे रसायन सुरक्षित, असेच ना?

नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. काही न सापडण्याचे दोन अर्थ होतात: तिथे काही नव्हतेच, किंवा शोधणाऱ्याची नजर तेवढी पोचत नव्हती.

कर्करोगाची नेहमीची दीर्घ मुदतीची चाचणी घ्या. ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकासासाठीच्या देशांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक डोसच्या गटात किमान ५० नर आणि ५० माद्या असतात आणि उंदरांवर ती साधारण दोन वर्षे चालते. समजा, ५० पैकी एकाही प्राण्यात गाठ आली नाही. तरीही संख्याशास्त्राच्या आधारे एवढेच म्हणता येते, की खरे प्रमाण बहुधा ६ टक्क्यांपेक्षा कमी आहे. हिशेब सोपा आहे: काहीच न सापडल्यास वापरायचा ठोकताळा म्हणजे ३ भागिले प्राण्यांची संख्या, इथे ३ भागिले ५०. पण ६ टक्के म्हणजे १० लाख माणसांत ६० हजार! एक लाखात एकाला होणारा आजार याच पद्धतीने नाकारायचा, तर ३ लाख प्राणी लागतील. शितावरून भाताची परीक्षा करावी लागते हे मान्य. पण पन्नास शितांत खडा लागला नाही म्हणून अख्ख्या पातेल्यात खडा नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून नकारात्मक निकाल वाचताना पहिल्यांदा विचारावे: परिणाम खरोखर असता, तर तो या चाचणीला दिसला असता का? प्राणी किती होते, डोस किती दिवस आणि कोणत्या वयात दिला, कोणते अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले? २८ दिवसांच्या चाचणीत कर्करोग आढळला नाही, हे वाक्य खरे असूनही काही सांगत नाही, कारण एवढ्या दिवसांत तो आढळण्याजोगा नसतोच.

म्हणूनच प्राण्यांना एवढे प्रचंड डोस देतात का?

हो, मुख्य कारण तेच. प्राणी कमी असल्यामुळे परिणाम ठळक दिसावा म्हणून डोस वाढवतात. ‘इतके तर कोणी आयुष्यात खात नाही’ हा आक्षेप त्यामुळे अर्धाच बरोबर आहे. खरी अडचण पुढे येते: मोठ्या डोसवर जे दिसले, ते छोट्या डोसवर कोणत्या प्रमाणात उतरते?

फॉर्माल्डिहाइडचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १९८० च्या सुमारास उंदरांना दोन वर्षे या वायूत श्वास घ्यायला लावून नाकातल्या कर्करोगाची तपासणी झाली. १४.३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १४.३ भाग) या पातळीला शंभराहून जास्त उंदरांना तो झाला. ५.६ पीपीएमला फक्त दोघांना आणि २ पीपीएमला एकालाही नाही. डोस आणि आजार एका सरळ रेषेत असते, तर मधल्या पातळीला चाळीसेक तरी दिसायला हवे होते. वरच्या पातळीला नाकाचे अस्तर इतके भाजत होते, की पेशी मरत आणि त्यांच्या जागी नव्या पेशी घाईघाईने वाढत. त्या घाईत चुका साचत गेल्या. याचा अर्थ फॉर्माल्डिहाइड निर्दोष आहे असा मुळीच नाही. माणसांमधल्या पुराव्यावरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ मध्ये ते सर्वात वरच्या, म्हणजे पहिल्या गटात टाकले. पण केवळ मोठ्या डोसचा आकडा घेऊन खाली सरळ रेघ ओढली, तर काय चुकू शकते, ते या प्रयोगात लख्ख दिसते.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लागू होतात का?

पुष्कळदा होतात, कधी होत नाहीत, आणि कधी माणसाला होणारी इजा उंदराला होतच नाही. तिन्ही प्रकार घडून गेले आहेत.

पीव्हीसी प्लॅस्टिक ज्यापासून बनते त्या व्हिनाइल क्लोराइडचा यकृतातला दुर्मीळ कर्करोग १९७४ मध्ये कामगारांत उघडकीला आला. इटलीत चेझारे माल्तोनी यांच्या प्रयोगांत त्याच सुमारास उंदरांमध्येही नेमकी तीच गाठ दिसली होती. इथे प्राण्यांनी अचूक इशारा दिला.

सॅकरिन या साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोड पदार्थाचे उलटे झाले. आहारात मोठ्या प्रमाणात सोडियम सॅकरिन मिसळल्यावर नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आल्या, आणि १९७७ मध्ये कॅनडाने खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. पुढच्या संशोधनात कळले, की उंदराच्या लघवीच्या विशिष्ट रचनेमुळे त्या डोसला त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात, ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात आणि अस्तर पुन्हापुन्हा वाढते. माणसाच्या लघवीत तसे घडत नाही. २००० मध्ये अमेरिकेने सॅकरिन संशयित कर्करोगकारकांच्या यादीतून काढले. लिंबूवर्गीय सालीतल्या लिमोनीनचेही असेच: नर उंदरांत बनणाऱ्या एका खास प्रथिनाला ते चिकटते, त्यातून मूत्रपिंडात गाठी होतात, आणि माणसात ते प्रथिन त्या रूपात नसते.

तिसरा प्रकार सर्वात भयंकर. थॅलिडोमाइड हे झोपेचे आणि गरोदर स्त्रियांच्या मळमळीवर दिले गेलेले औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले आणि १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तोवर जगभरात १० हजारांहून जास्त बाळे हातापायांतल्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. उंदरांच्या पिलांवर या औषधाचा तसा परिणाम सहज दिसत नाही. सशांवर आणि माकडांवर दिसतो. गर्भावरच्या परिणामांची चाचणी आज साधारणपणे दोन प्रजातींवर, बहुधा उंदीर आणि ससा यांच्यावर, करतात, त्यामागे ही मुले आहेत. आर्सेनिकबाबतही माणसातला पुरावा भक्कम असताना नेहमीच्या प्राणीचाचण्यांत दीर्घकाळ ठोस काही हाती लागत नव्हते.

यातून मी घेतलेला धडा असा: ‘हे माणसाला लागू नाही’ म्हणण्याची मुभा आहे, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर आहे. सॅकरिनच्या बाबतीत यंत्रणा पायरीपायरीने दाखवली गेली. ‘उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे’ एवढे म्हणून कोणताही अभ्यास बाजूला ठेवता येणार नाही.

अभ्यास विश्वासार्ह आहे हे कसे ठरवतात?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. अभ्यास नीट केला आहे का, हा एक. आपल्याला जे जाणून घ्यायचे आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे का, हा दुसरा. चोख केलेला अभ्यासही अप्रस्तुत असू शकतो.

पहिल्या प्रश्नासाठी उत्तम प्रयोगशाळा पद्धती, म्हणजे जीएलपीचे नियम आहेत. त्यांच्या जन्माची गोष्ट कटू आहे. अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या खासगी प्रयोगशाळेच्या नोंदी १९७० च्या दशकात तपासल्या गेल्या, तेव्हा अनेक अभ्यासांतले आकडे बनावट निघाले. १९८३ मध्ये तिच्या माजी अधिकाऱ्यांना न्यायालयात दोषी ठरवले गेले. दरम्यान अमेरिकेने १९७८ मध्ये जीएलपीचे नियम जारी केले आणि १९८१ मध्ये ओईसीडीने आपली तत्त्वे स्वीकारली. आता प्रत्येक प्राण्याची, प्रत्येक वजनाची, प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद ठेवावी लागते आणि एक स्वतंत्र विभाग ती पडताळतो.

अभ्यासांना गुण देण्याची सर्वात रुळलेली पद्धत क्लिमिश आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. तिच्यात चार कप्पे आहेत: निर्बंधांशिवाय विश्वासार्ह, निर्बंधांसह विश्वासार्ह, अविश्वसनीय, आणि माहितीअभावी ठरवता न येण्याजोगा. सोपी आहे म्हणून ती सर्वत्र पसरली. तिच्यावरचा मुख्य आक्षेप मला पटतो: जीएलपीचा शिक्का असला की अभ्यास आपोआप वरच्या कप्प्यात सरकतो आणि विद्यापीठातला चांगला अभ्यास शिक्क्याअभावी खाली जातो. नोंदी प्रामाणिक आहेत याची हमी जीएलपी देते. योग्य प्रश्न विचारला होता, योग्य वयाचे प्राणी घेतले होते, संवेदनशील अवयव पाहिले होते, यांची हमी त्यात नाही.

कंपनीच्या पैशातून झालेला अभ्यास मानायचा का?

मानायचा, पण डोळे उघडे ठेवून. बहुतेक देशांत चाचणीचा खर्च रसायन बनवणाऱ्यानेच करायचा असतो आणि ते योग्यही आहे. तेव्हा कंपनीचे अभ्यास सरसकट बाजूला टाकले, तर पुष्कळ रसायनांबद्दल हातात काहीच उरणार नाही.

तरी पैशाचा प्रभाव नाकारता येत नाही. प्लॅस्टिकमधल्या बिस्फेनॉल-ए या रसायनाच्या कमी डोसवरच्या ११५ प्राणी-अभ्यासांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी निधीतल्या १०४ अभ्यासांपैकी ९४ मध्ये परिणाम दिसला होता. उद्योगांच्या निधीतल्या ११ पैकी एकातही नाही. यात कोणी आकडे बदलले असे मानायची गरज नाही. काही अभ्यासांत वापरलेला उंदरांचा वाण मुळातच स्त्री-संप्रेरकांना फारसा दाद न देणारा होता. वाणाची निवड झाली तिथेच निकाल बऱ्याच अंशी ठरून गेला.

म्हणून अशा अभ्यासात मी आधी सकारात्मक नियंत्रण गट शोधतो. ज्याचा परिणाम ठाऊक आहे, असा पदार्थ काही प्राण्यांना देऊन पाहिला होता का? त्यांच्यातही काही दिसले नसेल, तर चाचणी आंधळी होती. मग ‘रसायनाचा परिणाम नाही’ या निष्कर्षाला वजन देता येत नाही, पैसे कोणाचेही असोत.

निकाल ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय’ असेल तर पुरे ना?

एकटा तो शब्द पुरत नाही. निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असली की त्याला ‘लक्षणीय’ म्हणतात. या नेहमीच्या मर्यादेवर २० स्वतंत्र तुलना केल्या, तर एकही खरा परिणाम नसताना किमान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते, आणि दीर्घ चाचणीत तर शेकडो तुलना असतात. अशा एका आकड्याच्या मागे धावणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे. डोस वाढेल तसा परिणाम वाढतो का, नर-मादी दोघांतही दिसतो का, गाठीच्या आधीच्या अवस्था त्याच अवयवात आहेत का, त्याच प्रयोगशाळेत त्याच वाणाला काही न देताही अशा गाठी किती येतात, हे सगळे पाहून मगच पारडे कुठे झुकते ते कळते. मात्र हीच कारणे उलट दिशेने वापरून खरा इशारा पुसून टाकणेही सोपे आहे, आणि ते घडते.

एकाच पुराव्यावरून दोन नामांकित संस्था उलट निष्कर्ष कसे काढतात?

बहुधा पुरावा एकच नसतो आणि प्रश्नही एकच नसतो. ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल मार्च २०१५ मध्ये आयएआरसीने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफ्साने, ‘कर्करोगाचा धोका असण्याची शक्यता कमी’ असे म्हटले. आयएआरसीने फक्त जाहीरपणे उपलब्ध अभ्यास घेतले. एफ्साने कंपन्यांनी सादर केलेले अप्रकाशित अभ्यासही घेतले. आयएआरसीने प्रत्यक्ष वापरात असलेली मिश्रणेही विचारात घेतली. एफ्साचा भर शुद्ध द्रव्यावर होता. उंदरांतल्या काही गाठींना पहिल्या संस्थेने वजन दिले, दुसरीने दिले नाही.

शिवाय आयएआरसी धोका ठरवते, जोखीम ठरवत नाही. पदार्थात इजा करण्याचा गुण आहे का, हा धोका. तुमच्या वाट्याला तो किती येतो आणि त्यातून इजा होण्याची शक्यता किती, ही जोखीम. आयएआरसीच्या पहिल्या गटात प्लुटोनियमही आहे आणि ऊनही. पुरावा किती पक्का आहे, ते गट सांगतो. पदार्थ किती घातक आहे, ते सांगत नाही.

प्राण्यांऐवजी पेशींवर किंवा संगणकावर चाचण्या करता येत नाहीत का?

काही बाबतींत येतात आणि त्या चांगल्या आहेत. ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात मांडलेली जिवाणूंवरची चाचणी आजही जनुकीय बदल ओळखण्याची पहिली पायरी आहे. हिस्टिडीन या अमिनो आम्लाशिवाय वाढू न शकणारे साल्मोनेला जिवाणू रसायनाच्या संपर्कात ठेवतात. बदल झाला की त्यांतले काही पुन्हा वाढू लागतात. अनेक रसायने शरीरात शिरल्यावर यकृतात बदलतात आणि मगच घातक होतात, म्हणून बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात. पण जनुकांना हात न लावता कर्करोग घडवणारी द्रव्ये या चाचणीच्या जाळ्यातून निसटतात.

त्वचेच्या ॲलर्जीबाबत प्रगती सर्वात ठोस आहे. तिच्या पायऱ्या नीट माहीत असल्याने, प्राण्यांविना होणाऱ्या दोन-तीन चाचण्यांचे निकाल ठरलेल्या नियमाने एकत्र करून निर्णय घेण्याची पद्धत ओईसीडीने २०२१ मध्ये मान्य केली. निकाल पाहण्याआधीच ते कसे जोडायचे हे ठरलेले असते, म्हणून मला ही पद्धत विशेष आवडते. गर्भावरचे किंवा मेंदूच्या वाढीवरचे परिणाम अजून इतक्या थोड्या चाचण्यांत मावत नाहीत.

सुरक्षित मर्यादा काढताना १०० ने का भागतात?

१९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेमन आणि फिट्झह्यू यांनी हा आकडा मांडला. आज त्याचा अर्थ असा लावतात: माणूस प्राण्यापेक्षा दहापट नाजूक असू शकतो, म्हणून १०, माणसामाणसांत दहापट फरक असू शकतो, म्हणून आणखी १०. ज्या सर्वात मोठ्या डोसला काही विपरीत दिसले नाही, त्याला १०० ने भागतात.

यातली एक खोच फार कमी लोकांना ठाऊक असते. ‘काही दिसले नाही’ असा डोस ढिसाळ अभ्यासात वर सरकतो. प्राणी कमी घ्या, तपासण्या कमी करा. परिणाम नजरेतून सुटेल आणि सुरक्षित मर्यादा सैल होईल. म्हणजे कमी काम करणाऱ्याला बक्षीस. म्हणून डोस आणि परिणामाचा पूर्ण आलेख घेऊन ठरावीक लहान परिणामाचा डोस आणि त्याची खालची मर्यादा काढण्याची पद्धत जास्त न्याय्य आहे. तिच्यात अभ्यास कमकुवत असेल तर मर्यादा आपोआप कडक होते.

मग तज्ज्ञ शेवटी वजन करतात म्हणजे नेमके काय करतात?

चांगल्या पद्धतीत आधी प्रश्न, निकष आणि कोणते अभ्यास घ्यायचे हे लिहून ठेवतात. मग अभ्यास गोळा करतात. प्रत्येकाला गुणवत्तेचा आणि संबंधाचा शेरा देतात. मग माणसे, प्राणी आणि पेशी या तिन्ही धाग्यांत मेळ बसतो का ते पाहतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कार्यकारणभाव ओळखण्यासाठी नऊ बाबी मांडल्या, त्या आजही उपयोगी पडतात. मात्र खुणा करत जाण्याची ती यादी नाही, हे त्यांनीही स्पष्ट केले होते.

इतके करूनही मतभेद उरतात. एफ्साने बिस्फेनॉल-ए साठी २०१५ मध्ये दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा दिली होती. २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २० हजारपट खाली. उंदरांमधल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींच्या वाढीला एफ्साने निर्णायक मानले. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने आणि युरोपीय औषध संस्थेने ते मान्य केले नाही: पेशी वाढल्या, पण त्यामुळे आजार झाला हे कुठे दाखवले आहे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मला उपयुक्त वाटतो, कारण दोन्ही बाजूंनी आपली कारणे छापील ठेवली आहेत आणि कोणती पायरी वादाची आहे, त्यावर बोट ठेवता येते. ‘सर्व पुराव्यांचा विचार करून’ एवढेच लिहून निर्णय देणारा अहवाल मात्र तपासताच येत नाही, आणि माझ्या मते त्याच्यावर विसंबू नये.

चाचणी एकेका रसायनाची होते, आपण तर एकाच वेळी अनेकांच्या संपर्कात असतो. त्याचे काय?

ही उणीव खरी आहे. प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट गटातल्या रसायनांचे नर गर्भाच्या वाढीवरचे परिणाम उंदरांत एकमेकांत मिसळून वाढतात. एकट्याने काही न करणारे डोस एकत्र आल्यावर परिणाम घडवतात. म्हणून एफ्साने २०१९ मध्ये अशा चार थॅलेटांसाठी मिळून एकच मर्यादा ठरवली: दर किलो वजनामागे रोज ५० मायक्रोग्रॅम. एकाच वाटेने इजा करणाऱ्या द्रव्यांबाबत अशी बेरीज आज करता येते. वेगवेगळ्या वाटांनी एकाच अवयवापर्यंत पोचणाऱ्या द्रव्यांची बेरीज कशी करावी, यावर काम चालू आहे.